‘काळजीपोटीच करतो ना तो?’

हा प्रश्न कर्वे रस्त्यावरील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्या जणींनी विचारला आहे, की त्यांतील एकीची हकिकत, ओळख पटणार नाही अशा बेताने, सांगावीशी वाटते.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या या मुलीने ठरलेले लग्न स्वतःच मोडले होते. तरीही तो पूर्वीचा वाग्दत्त वर कधी पाषाणला, कधी मैत्रिणीच्या सोसायटीच्या फाटकाशी ‘सहज’ भेटे आणि बोलायला थांबवी. पुढे सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिकला स्कूटरच्या सीटखाली जीपीएस ट्रॅकर सापडला. माझ्याकडे आली तेव्हा मात्र तिची शंका स्वतःविषयीच होती: मी उगाच बाऊ तर करत नाही ना?

भीतीशी झगडण्याआधी तिच्या मुळाशी असलेला विचार शोधावा, ही माझी जुनी धारणा. चौथ्या भेटीत मी विचारले, “ट्रॅकर लावताना त्याने तुला विचारले होते?”

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. म्हणून तर विचारलं नाही.”

तिला नकार देता येत नाही, असे मी तीन भेटी धरून चालले होते. तिचा नकार त्याला केव्हाच कळला होता, हे मलाही त्या वाक्याने दाखवले.

त्यानंतर कायदा सांगणे सोपे गेले. भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ (१ जुलै २०२४ पूर्वीचे भारतीय दंड संहितेतील ३५४-ड, जे २०१३ साली आले) स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही पुरुषाने तिचा पाठलाग करून वारंवार संपर्क साधणे, तसेच तिच्या इंटरनेट वा ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणे, हा गुन्हा मानते. ट्रॅकरचा उल्लेख त्यात नावाने नाही, परंतु पाठलाग कसा साधला, याचा तो पुरावा ठरू शकतो. म्हणून तो रागाने फेकू नये, छायाचित्रे काढून, तारीख नोंदवून पोलिसांकडे द्यावा. पहिल्या गुन्ह्याला ३ वर्षांपर्यंत कैद असली तरी तो जामीनपात्र आहे, त्यामुळे तक्रारीनंतरही काही दिवस सोबत घेऊनच ये-जा करावी आणि तातडीच्या वेळी ११२ लावावा.

अनिच्छा लेखी असावी म्हणून तिने निरोप लिहायला घेतला. पहिल्या मसुद्यात तीनदा ‘सॉरी’ होते; पाठवलेल्या निरोपात एकदाही नव्हते.