खो-खो सुटला, आता जिने चढतानाही धाप लागते

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत जिल्हा पातळीपर्यंत खो-खो खेळले. आता हॉस्टेलचे चार मजले चढले की धाप लागते. गावाकडची माझी मैत्रीण बी.ए. करते, पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळते आणि माझ्यापेक्षा कितीतरी चपळ आहे. आमच्या शाखेत असंच व्हायचं का? जिम लावू का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुझी मैत्रीण पळते ती भरतीसाठी. मुलींना तिथे ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते, सगळी मिळून ५० गुणांची. त्या गुणांसाठी तालुक्याच्या मैदानांवर पहाटे किती मुली दिसतात, बघ. त्यात बहुतेक कला शाखेच्या असतात, कारण दुपारनंतरचा वेळ त्यांच्या हातात असतो. कृषीच्या मुलांना शेतावरची प्रात्यक्षिकं असतात, ‘रावे’ म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेड्यात राहावं लागतं. तुझा दिवस मात्र लेक्चर, लॅब, जर्नल, सबमिशन असा खुर्चीतच जातो. फिजिकल डायरेक्टर म्हणून सगळ्या शाखांची मुलं मी मैदानावर पाहते, आणि मला तरी फरक दिसतो तो दिवसभराच्या हालचालीचा.

शाळेतला खो-खो आता का उपयोगी पडत नाही, हे तुला कळायला हवं. सराव थांबला की दोन-तीन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग कमी होतो, हृदयाच्या एका ठोक्याला कमी रक्त बाहेर पडतं, आणि दम आधी जातो. अमेरिकी संशोधक राल्फ पॅफेनबार्गर यांनी १९७८ साली हार्वर्डच्या जवळपास १७,००० माजी विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॉलेजात खेळाडू असलेले पण पुढे बसून राहिलेले पुरुष हृदयविकारापासून सुरक्षित राहिले नव्हते. कॉलेजात कधी न खेळलेले, पण नंतर व्यायामाला लागलेले मात्र फायद्यात होते. म्हणून पदकांचा हिशोब सोड आणि याच सत्रात सुरुवात कर.

पण त्याआधी रक्त तपासून घे, हे मी आग्रहाने सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मेसमध्ये पालेभाजी क्वचित, सकाळचा नाश्ता चुकलेला, पाळीत रक्तस्राव जास्त. अशा मुलीला जिना चढतानाही दम लागतो आणि ती स्वतःला आळशी समजत बसते. हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर डॉक्टरांकडे जा. छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर अहवालाचीही वाट पाहू नकोस.

जिमला पैसे घालायची गरज मला वाटत नाही. कॉलेजच्या फीमध्ये जिमखान्याचे पैसे बहुधा तू भरलेलेच असतील, तेव्हा तुमच्या फिजिकल डायरेक्टरांकडे जा आणि मैदान कोणत्या वेळी मोकळं असतं ते विचार. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचं काम सांगते. तू ४०० मीटरच्या ट्रॅकवर एक फेरी झपझप चालून अर्धी फेरी हळू पळ, मग पुन्हा चाल. पळताना बोलता आलं पाहिजे, नाही आलं तर वेग कमी कर. दोन दिवस बैठका, भिंतीला टेकून दंड आणि सूर्यनमस्कार घाल. सबमिशनच्या आठवड्यात वेळ नसतो हे मला माहीत आहे, तरी वीस मिनिटं सोडू नकोस.

महिन्याभराने १२ मिनिटांत किती अंतर जातं ते मोज. केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये ही चाचणी अमेरिकेच्या हवाई दलासाठी मांडली होती. आकडा वहीत लिही आणि पुढच्या महिन्याच्या आकड्याशीच त्याची तुलना कर. मैत्रिणीच्या वेळेशी नको, ती रोज त्यासाठीच पळते.

आणि हॉस्टेलमध्ये शाळेत खो-खो खेळलेल्या आणखी मुली नक्की असतील. नोटीस बोर्डावर चिठ्ठी लाव. एका बाजूला नऊ जणी लागतात, पण सुरुवातीला पाच-सहा जमल्या तरी पुरे.