सुइकोडेन २ खेळण्याआधी पहिला भाग खेळलाच पाहिजे का?

हो, खेळलाच पाहिजे. तुम्ही विचारले आहे की सुइकोडेन या जपानी व्हिडिओ गेम मालिकेच्या पहिल्या दोन भागांचा नवा एचडी संच घ्यायचा आहे, पण मित्राच्या मते पहिला भाग जुनाट असल्यामुळे यूट्यूबवर त्याचा सारांश पाहून थेट दुसऱ्यापासून सुरुवात केली तरी चालते. तर हे खरे का, आणि संच लॅपटॉपवर घ्यावा की निन्टेन्डोच्या स्विच या गेमयंत्रावर. यातल्या दुसऱ्या प्रश्नात मला रस नाही. घरात जे आहे त्यावर घ्या, खेळ तोच आहे. पहिल्या प्रश्नावर मात्र मला बोलायचे आहे, कारण तुमच्या मित्राचा सल्ला मी नागपुरात, महालातल्या आत्याच्या घरी शब्दशः ऐकलेला आहे, आणि तो तेव्हाही चुकीचाच होता.

जपानी रोल प्लेइंग खेळांत, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या कथांत, क्रमांकाला अर्थ नसतो, हा समज फायनल फँटसी या मालिकेमुळे पसरला आहे. तिथे प्रत्येक क्रमांकाचे जग निराळे आणि माणसे निराळी. दहाव्या भागाची कथा २००३ साली एक्स-२ या खेळात पुढे नेली, तेव्हा त्या मालिकेच्या चाहत्यांना ते अप्रूप वाटले होते. सुइकोडेनचे तसे नाही. एका प्राचीन चिनी कादंबरीतल्या १०८ वीरांच्या कल्पनेवर रचलेला पहिला भाग १९९५ साली आला आणि दुसरा १९९८ साली. दुसऱ्याची कथा पहिल्यानंतर तीनच वर्षांनी, शेजारच्याच प्रदेशात घडते. सीमेपलीकडचे तोरान प्रजासत्ताक म्हणजे पहिल्या भागात तुम्ही स्वतः लढून उभे केलेले राज्य, आणि दुसऱ्यातले लोक त्याविषयी बोलतात ते ऐकीव माहितीवर. तुम्हाला त्यातले खरेखोटे ठाऊक असते.

माझा आतेभाऊ माझ्याहून मोठा. प्लेस्टेशन त्याचे, आणि बर्डीच्या बाजारातून आणलेल्या सीड्यांची पिशवीही त्याचीच. दोन्ही भाग त्या पिशवीत होते. नवा म्हणून त्याने दुसरा आधी लावला, उन्हाळ्याच्या सुट्ट्यांआधीच संपवला, आणि पहिल्याची सीडी ‘हा डब्बा तू खेळ’ अशा थाटात माझ्याकडे सरकवली. मे महिन्याच्या दुपारी तो क्लासला गेला की टीव्ही माझ्या ताब्यात येई. भारनियमनाचे वेळापत्रक मी वहीत उतरवून घेतले होते, कारण या खेळात वाटेल तिथे सेव्ह करता, म्हणजे झालेला खेळ जपून ठेवता, येत नसे. एखाद्या गुहेतून सराईपर्यंत परत येण्याआधी कूलर बंद पडला की त्याच क्षणी तासाभराची मेहनतही पाण्यात जाई. पहिल्या भागात प्रत्येक पात्राची झोळी वेगळी, त्यामुळे एकाचे औषध दुसऱ्याला देण्यातच निम्मा वेळ जातो, हेही खरे. या सेव्ह ज्यावर साठतात त्या मेमरी कार्डावर एकूण १५ ब्लॉक, त्यांतले बहुतेक आतेभावाच्या फुटबॉलने आणि कुस्तीने अडवलेले. जागा हवी म्हणून त्याने माझी सेव्ह पुसू नये, यासाठी मी त्याला आत्याकडून तंबी देववली होती.

पहिला भाग संपवून मी दुसरा लावला. नवा खेळ सुरू करतानाच, पहिल्याची सेव्ह आणायची का, असे विचारले जाते. आतेभावाच्या कार्डावर आणण्यासारखे काही नव्हते, म्हणून तो पुढे निघून गेला होता. मी हो म्हटले. पुढे बॅनर नावाचे एक आडगाव लागते. तिथल्या तळ्याकाठी, डोक्याला हिरवा फडका बांधलेला एक तरुण गळ टाकून बसला होता, आणि त्याचे नाव होते माझ्या आजोबांचे, इंग्रजी अक्षरांत बसेल तेवढे कापलेले, कारण पहिल्या भागाच्या नायकाला ते मीच दिले होते. त्याच वेळी आतेभाऊ पन्ह्याचा पेला घेऊन खोलीत आला आणि तसाच उभा राहिला. “हा कोण बे? माझ्या गेममधी तर नव्हता हा.” मी चीट वापरले असे त्याने आधी जाहीर केले, मग कार्ड मागितले, आणि मी ते दिले नाही तेव्हा म्हणाला, “एका पोट्ट्यासाठी अख्खी सुट्टी घालवली, काहून?”

हा वाद अजून मिटलेला नाही. लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसलो की तो निघतोच, आणि आतेभावाचा हिशेब आजही तोच असतो: पहिला भाग खेळल्याने एक लढवय्या जास्त मिळतो, जुनी पात्रे जरा बळकट होऊन येतात, बस्. या हिशेबात तर मीच हरेन. तो तरुण दुसऱ्या भागात जमवायच्या १०८ साथीदारांत मोजलाही जात नाही, आणि दर वेळी त्याला घ्यायला तोरानची राजधानी ग्रेगमिन्स्टरपर्यंत जावे लागते. पण मुद्दा त्याचा नाहीच, मुद्दा व्हिक्टर आणि फ्लिक या पहिल्या भागातल्या दोन साथीदारांचा आहे. पहिल्या भागाच्या शेवटी हे दोघे इतरांना पुढे धाडून शत्रूला अडवायला मागे थांबतात आणि त्यांचे काय झाले हे कोणालाच कळत नाही. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला नव्या नायकाला नदीतून बाहेर काढणारी टोळी त्यांचीच. आतेभावाला तिथे एक आडदांड, हसतमुख भाडोत्री सरदार दिसला. मी टीव्हीसमोर उठून उभा राहिलो होतो. ते दोघे मागे थांबले एवढी माहिती यूट्यूबवरच्या सारांशात अर्ध्या मिनिटात मिळेल, पण व्हिक्टरला अर्धा खेळ सोबत घेऊन फिरल्याशिवाय ती माहिती कसल्याच कामाची नाही. (तुमचेही थोडे गुपित मी फोडले आहे, पण दुसऱ्या भागात ते पहिल्या तासाभरातच फुटते.)

आता तुमच्या मित्राच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे ते सांगतो. पहिल्या भागातल्या सैन्याच्या लढाया म्हणजे जवळजवळ दगड-कागद-कात्री आहेत, आणि काही पात्रांची कथा दोन वाक्यांत आटोपते. परंतु तो साधारण २० तासांत संपतो, दुसऱ्याला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. मार्च २०२५ मध्ये आलेल्या या संचात चित्रे नव्याने रंगवली आहेत, लढाया दुप्पट वेगाने चालवता येतात आणि सेव्ह आपोआप होते, म्हणजे विजेची भीतीही उरली नाही. शिवाय दोन्ही भाग एकत्रच विकले जात असल्याने पहिल्याचे पैसे तुम्ही देणारच आहात. पहिल्या भागात सर्व १०८ जण जमवण्याचा प्रयत्न जरूर करा, कारण शेवट त्यावर बदलतो. काहींना गाठण्याची संधी वेळ टळली की जाते, म्हणून तेवढ्यापुरती यादी जवळ ठेवायला हरकत नाही. पहिल्या भागाच्या शेवटची सेव्ह पुसू नका. दुसरा सुरू झाल्यावर ती मागाहून जोडता येत नाही.

हा आग्रह पुढच्या प्रत्येक भागासाठी मात्र मी धरणार नाही. २००४ चा चौथा भाग पहिल्याच्या १५० वर्षे आधी घडतो, आणि २००६ चा पाचवाही पहिल्याच्या आधीचाच आहे, त्यामुळे ते दोन्ही स्वतंत्रपणे खेळले तरी चालतात. त्यांच्यापुरते आतेभावाचे म्हणणे मला मान्य आहे. फक्त त्याने ते खेळलेले नाहीत.