दाइजोबु म्हणजे हो की नको?

प्रश्न : ताई, मी पुण्यात जपानी भाषेची एन-फोर परीक्षा करून आता जपानमध्ये नागोयाला नोकरीला आलोय. परवा दुकानात सामान जास्त होतं, काउंटरवरच्या मुलीनं पिशवीचं विचारलं, मी 'दाइजोबु देस' म्हटलं, म्हणजे चालेल, द्या अशा अर्थानं, तर तिनं दिलीच नाही, सगळं हातात धरून घरी आलो. पुस्तकात तर दाइजोबु म्हणजे 'ठीक आहे' असंच होतं. चुकलं कुठं?

उत्तर : पुस्तकातलं खरंय पण अर्धंच आहे. कोणी पडलंबिडलं की 'दाइजोबु देस का?' म्हणजे लागलं नाही ना, आणि त्यावर 'दाइजोबु देस' म्हणजे काही नाही झालं. इथपर्यंत सरळ. पण समोरचा काही देऊ करत असेल, पिशवी, चमचा, अजून थोडा चहा, तेव्हा तोच शब्द 'नको, राहू दे' होतो. आजी वाढायला आली की ताटावर हात आडवा धरून आपण 'असू दे, असू दे' म्हणतो ना, अगदी ते. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्याचा प्रवास कांजीतच, म्हणजे जपानीत वापरतात त्या चिनी अक्षरांतच दिसतो, मुळात चिनीतला 'थोर, खंबीर पुरुष', त्यावरून भक्कम, मग काळजीचं कारण नाही, आणि आता माझं त्याच्यावाचून अडत नाही. म्हणून हवं असेल तर 'हाइ, ओनेगाइ शिमास' म्हणायचं, नको असेल तर दाइजोबु. 'केक्को देस' पण नकोच, जरा औपचारिक. १ जुलै २०२० पासून तिकडे प्लास्टिकच्या पिशवीला पैसे पडतात त्यामुळे बहुतेक दुकानांत विचारतातच, रोजची प्रॅक्टिस होईल तुमची.

प्रश्न : 'इत्तेकिमास'चं नेमकं मराठी काय?

उत्तर : 'जाऊन येतो'! इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येतो, शब्दाला शब्द. आपल्याकडेही उंबरठ्यावर नुसतं 'जातो' म्हटलेलं कुठे चालतं! घरातलं माणूस 'इत्तेराश्शाइ' म्हणतं, म्हणजे जाऊन या. परत आलात की तुम्ही 'तादाइमा', ते 'ओकाएरी'. ऑफिसातून कामासाठी बाहेर पडतानाही इत्तेकिमास चालतं, पण संध्याकाळी घरी निघताना नाही हं, कारण तुम्ही त्या दिवशी परत येणार नसता, तेव्हा 'ओसाकिनि शित्सुरेइ शिमास', तुमच्या आधी निघतोय, माफ करा.