पन्नासाव्या वाढदिवशी संपलेलं लायसन्स

प्रश्न : माझं वय ५०, प्रतापनगरला राहतो, मेडिकल स्टोअर चालवतो. लायसन्स जून १९९९ मध्ये काढलं, जून २०१९ मध्ये रिन्यू केलं. आता दहा वर्षं बघायचं काम नाही, असं धरून चाललो होतो. ११ जानेवारीच्या संध्याकाळी अजनी चौकात समोरची स्कूटी एकदम थांबली आणि माझी कार मागून तिच्यावर गेली. स्कूटीवरच्या मुलाचा पाय मोडला. मीच त्याला दवाखान्यात नेलं. ठाण्यात कळलं की लायसन्स मागच्या वर्षी १८ मार्चलाच, माझ्या पन्नासाव्या वाढदिवशी संपलं. विमा चालू आहे, पण कंपनीच्या सर्व्हेअरने लायसन्सवरच बोट ठेवलं. ओळखीचा एजंट म्हणतो, "टेन्शन नका घेऊ भाऊ, मागच्या तारखेपासून रिन्यू करून देतो." देऊ का त्याच्याकडे काम? मुलाच्या भरपाईचं काय?
– स. दे., नागपूर

उत्तर : आधी एजंटला फोन करून नाही म्हणा, मग पुढचं वाचा. मुदत संपल्यावर वर्षभरात अर्ज केला तर लायसन्स रिन्यू होतं, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १५ प्रमाणे ते रिन्यू झाल्या दिवसापासून लागू होतं. मधले महिने कोरेच राहतात. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवसांची सवलत असायची, तीही २०१९ च्या दुरुस्तीने गेली. आरटीओसमोरच्या टपऱ्यांवर मात्र ती अजून जिवंत आहे. शिवाय अर्ज सारथी या सरकारी पोर्टलवर भरला की त्याला नंबर आणि तारीख पडते. अपघात जानेवारीचा आणि अर्ज फेब्रुवारीचा, हे शोधायला कंपनीच्या वकिलाला चहा संपेपर्यंतही वेळ लागणार नाही. त्यातूनही कोणी जुन्या तारखेचा कागद आणून दिलाच, तर तो बनावट असेल. तो तुम्ही वापरलात की आजचं दंडाचं प्रकरण उद्या फसवणुकीचं होईल.

तुमचा घोटाळा कुठे झाला तेही सांगतो, कारण या आठवड्यात असे तुम्ही दुसरे. जून २०१९ मध्ये जुना नियम होता : २० वर्षं किंवा वयाची ५० वर्षं, जे आधी येईल ते. तुम्ही तेव्हा ४४ चे, म्हणून तारीख पन्नाशीची पडली. दहा वर्षांचा नियम त्या वर्षी १ सप्टेंबरपासून आला, तोही वयाच्या ३० ते ५० मध्ये रिन्यू करणाऱ्यांसाठी. तीन महिने उशिरा गेला असतात तर कार्डावर २०२९ छापून आलं असतं. चिडचिड होणं समजू शकतो, पण कोर्टात तिचा उपयोग नाही.

आता पोलिसांचं. मुदत संपलेल्या लायसन्सवर गाडी चालवणं म्हणजे कायद्याच्या नजरेत लायसन्सशिवायच चालवणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८१ मध्ये ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. अपघाताचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली लागला असेल. दोन्ही जामीनपात्र आहेत. तुम्ही मुलाला स्वतः दवाखान्यात नेलंत ही तुमच्या बाजूची सगळ्यात भक्कम गोष्ट. जखमीला नेणं हे चालकाचं मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ खालचं कर्तव्यच आहे, पण किती जण ते पाळतात? कॅज्युअल्टीच्या कागदावर 'सोबत आणणारा' म्हणून तुमचं नाव असेल, त्याची प्रत घेऊन ठेवा. त्याच कलमाप्रमाणे विमा कंपनीलाही लेखी कळवावं लागतं. सर्व्हेअर येऊन गेला म्हणजे कळवलं, असं धरू नका, पोच घ्या.

खरा प्रश्न भरपाईचा. मुलगा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाईल, तिथे कंपनी त्याच कायद्याच्या कलम १५० चा बचाव घेईल : चालकाकडे वैध लायसन्स नव्हतं, पॉलिसीची अट मोडली. सिद्ध करायचं कंपनीने. त्यासाठी बहुतेक वेळा आरटीओतले लिपिक उतारा घेऊन साक्षीला येतात. 'लायसन्स १८ मार्चपर्यंत होतं' एवढं सांगून होतं, आणि उलटतपासात विचारण्यासारखं काही उरत नाही. म्हणून तारखेवर वाद नको. वाद घालायचा तो पुढच्या पायरीवर. २००४ च्या स्वरणसिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी म्हटलं आहे की लायसन्समध्ये दोष आहे एवढ्याने कंपनी सुटत नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने अट मोडली, आणि तो दोष अपघात घडायला कारण झाला, हे दिसावं लागतं. पंचवीस वर्षं लायसन्सवर गाडी चालवणारा माणूस १८ मार्चच्या रात्री बारा वाजता ब्रेक कुठे असतो ते विसरत नाही. तुमच्या वकिलाने हा मुद्दा लेखी जबाबातच घ्यावा, युक्तिवादापर्यंत राखून ठेवू नये.

पण फार आशेवर राहू नका. गाडीचे मालक तुम्ही आणि चालकही तुम्हीच, त्यामुळे 'ड्रायव्हरने मला सांगितलं नाही' म्हणायला वाव नाही. तारीख तुमच्याच पाकिटात होती. आणि २००७ च्या ईश्वरचंद्र खटल्यात अपघातानंतर रिन्यूचा अर्ज झाला होता, तिथे कंपनी सुटली. माझ्या अंदाजाने तुमच्याकडे 'पे अँड रिकव्हर'चा आदेश येईल : कंपनी मुलाला पैसे देईल आणि नंतर तुमच्याकडून वसूल करेल. मुलगा वाऱ्यावर पडत नाही, पण बोजा शेवटी तुमच्या दुकानावर येतो. म्हणून आतापासून आकडा लहान कसा राहील ते बघा. त्याच्या घरच्यांना मदत करायची असेल तर जरूर करा, पण बिल थेट दवाखान्यात भरा आणि पावती तुमच्याकडे ठेवा. रोख हातात देऊन साध्या कागदावर 'आमची काही तक्रार नाही' असं लिहून घेऊ नका. त्या कागदाने दावा थांबत नाही. तडजोड व्हायचीच तर न्यायाधिकरणापुढे किंवा लोकअदालतीत, कंपनीला सोबत घेऊन.

'स्कूटी एकदम थांबली' यावर जास्त भर देऊ नका. मागच्या गाडीने अंतर ठेवायचं असतं. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या बंपरचा क्लेम मात्र सोडून दिलेला बरा. पॉलिसीतच लिहिलेलं असतं की अपघाताच्या वेळी चालकाकडे वैध लायसन्स हवं. नकार लेखी मागा, बस.

लायसन्सचं आजच करा. येत्या १८ मार्चला वर्ष पूर्ण होतं. त्या दिवसापर्यंत अर्ज गेला तर टेस्ट नाही, एक दिवस उशीर झाला तर कलम १५ प्रमाणे ड्रायव्हिंग टेस्ट पास झाल्याशिवाय रिन्यू होणार नाही. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरचा फॉर्म १-ए लागतो. त्यात एक प्रश्न आहे : २५ मीटरवरून, दिवसाच्या उजेडात, नंबरप्लेट वाचता येते का? चष्मा लावून चालतं, चष्मा घेऊन जा. फी २०० रुपये, स्मार्ट कार्डचे आणि उशिराचे वेगळे. लायसन्स एमएच-३१ चं असलं तरी गिरीपेठेतल्या आरटीओतच जायला हवं असं नाही, राज्यातल्या कुठल्याही कार्यालयात रिन्यू होतं. आता ते तुमच्या साठाव्या वाढदिवसापर्यंत चालेल. पण हातात येईपर्यंत गाडीची चावी घरच्यांकडे द्या. अर्जाची पावती म्हणजे लायसन्स नव्हे, आणि या दिवसांत दुसरा अपघात झाला तर वर सांगितलेला एकही मुद्दा कामाला येणार नाही.

एक विचारायचं राहिलं. दुकानाची औषधं घरपोच द्यायला मुलगा ठेवला आहे का, आणि तो चालवतो ती गाडी तुमच्या नावावर आहे का? असेल तर आज दुकान बंद करायच्या आधी त्याचं कार्ड मागून तारीख बघा. २०२० च्या बेलीराम खटल्यात ट्रकचालकाचं लायसन्स तीन वर्षं रिन्यू झालं नव्हतं. नोकरीला ठेवताना ते पाहिलं एवढं पुरे नाही, नंतरही बघत राहायला हवं, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने भरपाई मालकावर टाकली.