ब्रिटनमध्ये निवडणुकीआधी सामान्य लोक पक्षनेत्यांबद्दल काय बोलतात? मत नेत्याकडे बघून देतात का?

मी रेडिंगला नोकरी करतो आणि शेजारच्या वोकिंगहॅममध्ये राहतो, त्यामुळे २०२४ ची निवडणूक अगदी जवळून बघितली आणि मतदानही केलं. हो, भारतीय पासपोर्टवरच. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक इथे रीतसर व्हिसावर राहत असेल तर त्याला संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, हे आपल्यातल्या कित्येकांना इथे चार-पाच वर्षं काढूनसुद्धा माहीत नसतं.

तर तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: बोलतात नेत्यांबद्दलच, पण ‘हा आला पाहिजे’ असं मी फार कमी ऐकलं, ‘तो गेला पाहिजे’ हेच जास्त.

२२ मे ला तेव्हाचा पंतप्रधान ऋषी सुनक याने डाउनिंग स्ट्रीटवर, म्हणजे आपल्या सरकारी घरासमोर, भर पावसात, छत्रीबित्री काही नाही, ४ जुलैची तारीख जाहीर केली आणि मागे गेटबाहेरून कोणीतरी विरोधी लेबर पक्षाचं जुनं प्रचाराचं गाणं मोठ्ठ्याने लावलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या किचनमध्ये किटली उकळेपर्यंत सगळी चर्चा त्या भिजलेल्या कोटावर. टॅक्स नाही, इमिग्रेशन नाही, कोट! एकजण म्हणाला, ज्याला छत्री घ्यायचं सुचत नाही त्याच्या हातात देश कसा द्यायचा. मला तेव्हाच वाटलं की याचं काही खरं नाही, कारण लोक रागावलेले असतात तोपर्यंत ठीक असतं, हसायला लागले की संपलं.

लेबरचा नेता कीर स्टार्मर, त्याचं कोणी कौतुक करत होतं असंही नाही. आमच्या टीममधला एक लिव्हरपूलचा, घरात तीन पिढ्या लेबर, तोसुद्धा म्हणायचा की हा माणूस भाषणाला उभा राहिला की मला झोप येते. ‘माझे वडील टूलमेकर (कारखान्यात अवजारं बनवणारे कामगार) होते’ हे स्टार्मरने इतक्या वेळा सांगितलं की टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात समोरचे प्रेक्षक चक्क हसले. तिकडे सुनक सांगतोय की लहानपणी आमच्याकडे स्काय टीव्ही नव्हता. म्हणजे गरिबीची स्पर्धाच लागली होती दोघांची, आणि त्यातला एक इन्फोसिसचा जावई! पण तो लिव्हरपूलवाला पुढे म्हणायचा, जॉन्सन झाला, ट्रस झाली (सुनकच्या आधीचे त्याच्याच पक्षाचे पंतप्रधान), आता मला बोअर माणूसच पाहिजे. हे मला पटलं, कारण लिझ ट्रस ४९ दिवस पंतप्रधान होती पण तिच्या २०२२ च्या मिनी-बजेटनंतर जे व्याजदर भडकले ते नंतर माझ्या मॉर्गेजचं, म्हणजे घरकर्जाचं, ठरलेल्या व्याजदराचं डील संपलं तेव्हा माझ्याच मानगुटीवर बसले.

आमच्या शेजारच्या आजी आयुष्यभर टोरी, म्हणजे सुनकच्या कन्झर्व्हेटिव्ह पक्षाच्या. वडील युद्धात होते, हॉलमध्ये त्यांचा युनिफॉर्ममधला फोटो. ६ जूनला डी-डेला (दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्य फ्रान्सच्या किनाऱ्यावर उतरलं तो दिवस) ८० वर्षं झाली म्हणून तिथे नॉर्मंडीत कार्यक्रम होता आणि सुनक तो अर्धवट सोडून टीव्हीच्या मुलाखतीसाठी परत आला. नंतर माफी मागितली, पण आजींनी विषय मिटवला. कुंपणापलीकडून गुलाबाच्या फांद्या छाटता छाटता मला म्हणाल्या, यावेळी माझं मत त्यांना नाही. मग कोणाला, तर उत्तर नाही, नुसती कात्री चालू.

आता आपल्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपचं सांगायलाच हवं. तिथे दोन तट. एका बाजूला ‘काही म्हणा, दहा नंबरच्या दारात दिवाळीचे दिवे लावणारा आपला माणूस आहे’, आणि दुसऱ्या बाजूला ज्यांचा व्हिसा अजून कच्चा, त्यांचं म्हणणं की आपल्याच माणसाच्या सरकारने एप्रिलमध्ये स्किल्ड वर्कर व्हिसाची पगाराची अट ३८,७०० पाउंडांवर नेली, त्याचं काय? शेवटी अॅडमिनने दोन दिवस ग्रुप बंद ठेवला.

पण खरी गंमत मतदारसंघात असते, आणि हे भारतातून बघताना लक्षात येत नाही. वोकिंगहॅम म्हणजे तेव्हा टोरींचा बालेकिल्ला, १९८७ पासून जॉन रेडवूड खासदार, तेही २०२४ ला उभे राहिले नाहीत. इथे लेबर येणं अवघडच, टोरींना पाडू शकेल असा पक्ष म्हणजे लिबरल डेमोक्रॅट. त्यांची पत्रकं दाराच्या फटीतून इतकी यायची की पायपुसण्यावर ढीग, आणि प्रत्येकावर तोच बार चार्ट, की इथे लेबर जिंकूच शकत नाही. तो लिव्हरपूलवाला माझ्याच मतदारसंघात राहतो. त्याने काय केलं, तर स्टार्मर पंतप्रधान व्हावा म्हणून एड डेव्हीच्या पक्षाला मत दिलं! डेव्ही म्हणजे लिबरल डेमोक्रॅटचा नेता, तोच, जो प्रचारात विंडरमियर तलावात पॅडलबोर्डवरून पुन्हा पुन्हा पाण्यात पडत होता. त्याला पंतप्रधान म्हणून कोणी सिरियसली घेत नव्हतं, पण आमच्याकडे निवडून आला त्याचाच उमेदवार.

आणि रिफॉर्म यूके या उजव्या पक्षाचा नायजेल फराज. ३ जूनला तो अचानक रिंगणात उतरला, तेव्हापासून किटलीपाशी एकच हिशोब, हा टोरींची किती मतं खाणार. खाल्लीच. रिफॉर्मला देशभरात १४.३ टक्के मतं आणि जागा ५, लिबरल डेमोक्रॅटला १२.२ टक्के आणि जागा ७२. लेबरला ३३.७ टक्क्यांत ४११ जागा! २०१७ ला लेबरचा तेव्हाचा नेता कॉर्बिन, त्याला ४० टक्के मिळूनही २६२ वर थांबावं लागलं होतं. म्हणून म्हणतो, स्टार्मर जिंकला यापेक्षा सुनक हरला आणि समोरची मतं फुटली, असंच मी तरी समजतो.

मतदानाचा दिवस गुरुवार, सुट्टी नाही. सकाळी सात ते रात्री दहा. मी ऑफिसला जायच्या आधी गेलो, ओळखपत्र म्हणून आपला निळा पासपोर्ट दाखवला (सार्वत्रिक निवडणुकीला फोटोवालं ओळखपत्र पहिल्यांदाच सक्तीचं होतं आणि आपला चालतो), बोटाला शाई नाही, मशीन नाही, एक कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल. त्या कागदावर सुनकचं नाव नाही, स्टार्मरचंही नाही, फक्त आपल्या भागातल्या उमेदवारांची. सहा आठवडे ज्यांच्यावरून भांडलो ते कागदावर नाहीतच, म्हणून दोन सेकंद मी पेन्सिल हातात धरून नुसता उभा होतो.

बाहेर आलो तर आजी रांगेत. मी हात केला, त्यांनी पर्स थोपटली, म्हणजे ओळखपत्र म्हणून ज्येष्ठांचा बसपास आणलाय. कोणाला मत दिलं ते अजूनही सांगितलेलं नाही.