थीम बहुधा साडीच्या घडीतच असते : लग्नसजावटीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लग्न फेब्रुवारीत, साताऱ्यात. मोबाइलमध्ये मंडपांचे, स्टेजचे, फुलांचे चारशेच्या वर फोटो साठवलेत. प्रत्येक आवडतो आणि एकही आमच्या कार्यालयात बसेल असं वाटत नाही. रोज नवी थीम ठरते, रोज मोडते. सुरुवात कुठून करू? (नवरी मुलगी, सातारा)

उत्तर : ते फोटो आठवडाभर उघडूच नका. त्यांतले बरेचसे मोकळ्या हिरवळीवर, मावळतीच्या उजेडात काढलेले असतात. तुमचं कार्यालय बंदिस्त आणि मुहूर्त दिवसाचा असेल, तर त्या फोटोंतलं निम्मं सौंदर्य तिथेच गळून पडतं. आधी जे बदलणार नाही ते कागदावर लिहा : महिना, मुहूर्ताची वेळ, भिंतींचा रंग, छताची उंची आणि तुमची साडी. पाचांत साडी सगळ्यात बोलकी.

पैठणी घेतली असेल तर ती सकाळी खिडकीशी पसरा, ट्यूबलाइटखाली नको. तीन रंग वेगळे काढा : अंगाचा, काठाचा, आणि पदरावरच्या नक्षीत सगळ्यात कमी दिसतो तो. धूपछाँव असेल तर उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे साडी हलवल्यावर रंग फिरतो. अशा वेळी दोन्ही धाग्यांचे रंग लिहून ठेवा. फोटोवरून रंग जुळवू नका. ब्लाउजपीसचा तुकडा पर्समध्ये ठेवा आणि कापड, रिबन, पत्रिकेचा कागद, सगळं त्याच्याशी धरून पाहा.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. साडी वांगी रंगाची म्हणून स्टेजही वांगी करतात आणि नवरी पडद्यात विरून जाते. साडीच्या अंगाचा रंग साडीलाच ठेवा. मागच्या मोठ्या पसाऱ्याला शांत रंग द्या, म्हणजे कोरा मांजरपाट किंवा केळीची हिरवाई. मधला वाटा पदरातल्या कमी दिसणाऱ्या रंगाला, समजा राघूच्या पोपटीला. हीच अडचण पिवळ्या अष्टपुत्रीचीही आहे. विधींना नवरी पिवळ्यात आणि पाठीमागे झेंडूची पिवळीधमक भिंत असली, तर फोटोत फक्त चेहरा आणि हिरवा चुडा उरतो. विधी त्याच स्टेजवर होणार असतील तर पाठीमागे पानं किंवा निशिगंध घ्या, झेंडू बाजूच्या खांबांना.

नक्षीही साडीतूनच घ्या आणि एकच घ्या : असावली, बांगडी मोर, राघू, कमळ किंवा नारळी काठ. नारळी काठाचा त्रिकोण सगळ्यात सोयीचा. तो पत्रिकेच्या कडेला, चौरंगाभोवतीच्या रांगोळीला, ताटाभोवतीच्या महिरपीला, कुठेही बसतो. पैठणीतली नक्षी धागे मोजून विणलेली असते, म्हणून तिच्या कडा बारीक पायऱ्यांसारख्या दिसतात. पत्रिका छापणारा त्या कडा हौसेने गुळगुळीत करून देतो आणि मोर कुठल्याही मोरासारखा दिसायला लागतो. प्रूफ तपासताना नावांच्या ऱ्हस्व-दीर्घाइतकंच हेही पाहा.

साताऱ्यात आहात तर एक सकाळ वाईजवळच्या मेणवलीला जा. नाना फडणवीसांचा वाडा, त्यातली भित्तिचित्रं, कृष्णेचा घाट, सगळं एकाच ठिकाणी मिळेल. घाटाच्या काळ्या दगडावर तो ब्लाउजपीस ठेवून पाहिलात तर गडद पार्श्वभूमी तुमच्या साडीला मानवते की नाही ते लगेच कळेल. पुण्याला जाणं झालं तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे आणि कोरीव दरवाजे निवांत पाहा. एका समईच्या किंवा अडकित्त्याच्या बाह्यरेषेतूनही पत्रिकेचं चिन्ह निघतं.

मग फोटोंकडे वळा. बाराच ठेवा आणि प्रत्येकाखाली नेमकं काय आवडलं ते चार शब्दांत लिहा. 'छान वाटतं' एवढंच सुचलं तर तो फोटो बाद. 'दिवे डोक्याच्या वर', 'एकाच जातीचं फूल', 'जमिनीवर बैठक' असं जे तीनदा येईल ती तुमची थीम. तिला नाव सापडलं नाही तरी अडत नाही. नाव डेकोरेटरला लागतं.

प्रश्न : कार्यालयात जांभळे पडदे, सोनेरी खांब आणि पांढऱ्या ट्यूब आहेत. डेकोरेटर तीन 'पॅकेज' दाखवतो, तिन्हींत मखमली सिंहासन आहे. पैसे बेताचे. कशावर खर्च केल्याने फरक दिसेल? (नवरीचे वडील, नाशिक)

उत्तर : आधी उजेडावर, मग पडद्यावर, उरलं तर फुलांवर. लोक नेमका उलटा क्रम लावतात.

नेहमीच्या थंड पांढऱ्या ट्यूब ६५०० केल्विनच्या असतात (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा जितका कमी तितका उजेड उबदार, पिवळसर). त्याखाली हळद लागलेली त्वचा निस्तेज दिसते आणि जरीचे काठ राखाडी दिसतात. स्टेजवरच्या ट्यूबची ओळ वेगळ्या बटणावर आहे का, ते व्यवस्थापकाला आधीच विचारा आणि विधींच्या वेळी ती बंद ठेवा. त्याऐवजी २७०० ते ३००० केल्विनचे दोन एलईडी समोरून, डाव्या-उजव्या कोपऱ्यांतून, आठ-नऊ फूट उंचीवर लावा. मधोमध एकच दिवा लावला तर मुंडावळ्यांची सावली थेट डोळ्यांवर पडते. उबदार दिवे आणि पांढऱ्या ट्यूब एकत्र चालू ठेवू नका. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. अर्धा चेहरा पिवळा, अर्धा निळा येतो. जांभळे-गुलाबी 'पार लाइट' (स्टेजचे रंगीत झोताचे दिवे) भिंतीवर टाकायचे असतील तर टाका, माणसांवर नको.

जांभळे पडदे सगळे झाकायची गरज नाही. कॅमेऱ्याच्या चौकटीत येतो तेवढाच भाग झाका. समजा स्टेज २० फूट रुंद आणि पडदा १० फूट उंच. चुण्या पडण्यासाठी रुंदीच्या दीडपट कापड लागतं, म्हणजे ३० फूट. ४४ इंच पन्ह्याचे ९ पट्टे होतात. नेफा आणि दुमडीसाठी प्रत्येक पट्टा साडेदहा फुटांचा धरला की साधारण २९ मीटर; ३० घ्या. कोरा मांजरपाट धुतल्यावर आटतो, म्हणून आधी धुवा आणि मग कापा. वर चार इंचांचा नेफा शिवून पाइप ओवा. टाचण्यांवर टांगलेला पडदा मंगलाष्टकांच्या आत एका बाजूने उतरलेला असतो. कार्यालयात नेताना घडी घालू नका, पाइपवर गुंडाळून न्या. घडीच्या चौकोनी रेघा स्टेजवर उभं राहून इस्त्रीने निघत नाहीत. जवळ पंखा असेल तर खालच्या दुमडीत पातळ लाकडी पट्टी घाला.

फुलांचा हिशोब असा : मध्यम आकाराच्या किलोभर झेंडूची गच्च माळ चार-साडेचार मीटर होते. पाच फुटी तीस माळा हव्या असतील तर लांबी ४५ मीटरच्या आसपास जाते, म्हणजे ११ किलो. ठेचलेली, किडकी फुलं वजा जातात म्हणून १२ सांगा. रात्री ओवलेल्या माळा प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या की आत वाफ धरते आणि सकाळपर्यंत पाकळ्यांच्या मुळाशी काळपट होतात. वेताच्या टोपलीत ठेवा, वर ओलसर गोणपाट. झेंडूवर थेट पाणी शिंपडू नका.

आणि सिंहासन लेखी वजा करून घ्या. पॅकेजच्या फोटोवरच पेनाने काट मारा, बाजूला त्याऐवजी काय येणार ते लिहा आणि डेकोरेटरची सही घ्या. 'सांगितलं होतं' याला लग्नाच्या सकाळी काही किंमत नसते.

प्रश्न : आम्ही दोघंही आर्किटेक्ट. वारली थीम हवी आहे : स्टेज, पत्रिका आणि प्रवेशद्वारापासून जमिनीवर मोठं चित्र. हे योग्य दिसेल का? (ठाणे)

उत्तर : जमिनीवरचं रद्द करा. वारली चित्राचं मूळच लग्नात आहे. वारली घरात लग्न असलं की भिंतीवर लग्नचौक लिहिला जातो. तो सवाशिणी लिहितात, चौकात पालघट देवी असते आणि विधीची गाणी धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी स्त्री, म्हणते. त्या चौकाला तिथे देव्हाऱ्याचा मान आहे. त्याची नक्कल दाराशी काढायची आणि तीनशे जोडी चपला त्यावरून न्यायच्या, हे कुणाच्याही लग्नात शोभणार नाही. चौक आणि देवी सोडून द्या. तारपा नाच, शेती, झाडं, पाखरं, वरात एवढं भांडार तुमच्यासाठी मोकळं आहे. तारप्याचा फिरत जाणारा गोल तर स्टेजसाठीच काढल्यासारखा आहे.

काम डहाणू-जव्हार-पालघर पट्ट्यातल्या चित्रकारांना द्या. नेटवरून उतरवून फ्लेक्सवर छापू नका. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि तोवर ही कला जगभर पोचली होती, पण फ्लेक्स छापणाऱ्याचे पैसे डहाणूला जात नाहीत. चित्रकाराला महिनाभर आधी सांगा आणि कापड, माप, अंतर या तिन्ही गोष्टी लिहून द्या. अंतर सगळे विसरतात. कागदावर सुंदर दिसणारी दोन इंची माणसं तीस फुटांवरून पांढरे ठिपके दिसतात. स्टेजच्या कापडावर माणूस किमान नऊ इंच आणि रेघ चार-पाच मिलिमीटर जाड हवी.

पार्श्वभूमीला गेरू वापरणार असाल तर त्यात फेविकॉलसारखा चिकट पदार्थ घालायला सांगा. वाळल्यावर पांढरा रुमाल जोरात घासून पाहा. रुमाल लाल झाला तर स्टेजवरचा प्रत्येक शालू लाल होणार. पत्रिकेवर दोनच रंग ठेवा, गेरू आणि पांढरा. आठ रंगांतली वारली दुकानातल्या कपबशीवर असते.

प्रश्न : नवरदेवाकडच्या बावीस बायकांना एकाच राणी रंगाच्या साड्या घेतोय. काही हरकत? (वरमाई, सोलापूर)

उत्तर : हरकत एकच : ग्रुप फोटोत बावीस जणी मिळून एक गुलाबी ढीग दिसेल, आणि तीन-चार जणींना तो रंग अजिबात खुलणार नाही. साड्या डाळिंबी, अंजिरी, राणी, अबोली अशा एका घराण्यातल्या चार छटांत वाटा आणि सगळ्यांना ब्लाउज एकाच खणाचा द्या. खण एकाच गठ्ठ्यातला घ्या, पुन्हा मागवलेला रंगाला हटकून वेगळा निघतो. पारंपरिक खणाचा पन्हा कमी असतो, म्हणून मापं शिंप्याला दाखवून मगच मीटर ठरवा.

प्रश्न : लग्न न्यू जर्सीत, ऑक्टोबरमध्ये, हॉटेलात. भारतातून काय आणू आणि तिथे काय घेऊ? (नवरदेवाची बहीण)

उत्तर : तांदूळ आणू नका. धान्यात पडणाऱ्या खाप्रा किड्याच्या भीतीमुळे अमेरिकेत भारतातून प्रवासी सामानात तांदूळ नेऊ देत नाहीत. कुंकू लावलेल्या अक्षता म्हणून सवलत नाही. आंब्याची ताजी पानंही विमानतळावरच जातील. तोरण कापडी शिवून न्या. समई, कलश, ताम्हण, मुंडावळ्या, खणाची महिरप खुशाल न्या.

अक्षता तिथल्या तांदळाच्या करा. माणशी दहा ग्रॅम पुरतात, तीनशे जणांना तीन किलो. किलोमागे दोन चमचे कुंकू आणि चमचाभर तूप चोळा, पाणी नको. ओल्या अक्षतांचे लाल डाग फिकट सुटांवरून निघत नाहीत. हॉटेलच्या गुळगुळीत फरशीवर तांदूळ पडला की पाय घसरतात, म्हणून वधूवरांभोवती सतरंजी हवी आणि झाडायला एक माणूस ठरलेला हवा.

होमाची परवानगी हॉल नक्की करण्याआधी लेखी घ्या. उघडी ज्योत चालते का, धुराचे सेन्सर तेवढा वेळ बंद ठेवता येतात का, त्या वेळी त्यांचा माणूस उभा राहतो का आणि त्याचे पैसे कोण देणार, हे चारही प्रश्न विचारा. 'कँडल चालतील' म्हणजे होम चालेल असं नव्हे.

प्रश्न : अंतरपाट स्वतः रंगवायचा आहे. दोघांची नावं, वेलबुट्टी आणि जरीची किनार. माप आणि कापड सांगा. (कोल्हापूर)

उत्तर : दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद. कापड सुती किंवा हलकं रेशीम. अंतरपाट दोघांच्या मध्ये आडवा असतो, त्यामुळे समोर बसलेल्या पाहुण्यांना त्याची फक्त कड दिसते. चित्र पाहणारे दोघंच, तेही हातभर अंतरावरून. म्हणून नक्षी बारीक चालेल, पण ती दोन्ही बाजूंना हवी आणि डोळ्यांच्या रेषेत हवी. पातळ एकेरी कापडावर नावं लिहिली तर पलीकडून उलटी दिसतात, म्हणून दोन कापडं पाठीला पाठ लावून शिवा आणि मध्ये पातळ अस्तर घाला. फॅब्रिक रंग एक पूर्ण दिवस वाळू द्या, मग उलट्या बाजूने इस्त्री करा आणि त्यानंतरच जोडा.

जरीची किनार अरुंद ठेवा. मंगलाष्टकं म्हणायला घरच्या आठ-दहा जणी उभ्या राहिल्या तर वीस मिनिटं सहज जातात. जड अंतरपाट धरणाऱ्यांचे हात तोवर खाली येतात आणि 'शुभमंगल सावधान' व्हायच्या आधीच नवरानवरी एकमेकांना बघून घेतात.