नेपाळमध्ये ई-कॉमर्सची स्थिती कशी आहे? भारतातल्या छोट्या दुकानदाराला तिथे ऑनलाइन माल विकता येईल का?

तुमचं कोल्हापुरी चपलांचं दुकान आहे आणि नेपाळी ग्राहकांसाठी वेगळी वेबसाइट काढावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत आहे की वेबसाइटवर आत्ता पैसे घालू नका. आधी काठमांडूत तुमचा माल ठेवणारा आणि परत आलेला माल सांभाळणारा भरवशाचा माणूस शोधा.

मी मूळचा सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. आमच्याकडची कितीतरी घरं सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, भारतभर आणि नेपाळातही पांगली, त्यातलंच आमचं एक. मी मात्र इथे नेपाळात कपड्यांच्या एका ऑनलाइन दुकानाची पार्सलं आणि हिशेब बघतो, म्हणून हे रोजच्या कामातून सांगतोय.

इथे ऑनलाइन खरेदी नवी नाही. थमेल डॉट कॉम आणि मुन्चा या साइट पंचवीस वर्षांपूर्वीच्या. तेव्हा त्यांचे गिऱ्हाईक होते परदेशात राहणारे नेपाळी. अमेरिकेतला मुलगा तिकडे कार्डाने पैसे भरायचा आणि दसैंला, म्हणजे इथल्या दसऱ्याला, इकडे आईवडिलांच्या दारात बोकड पोचायचा. स्थानिक गिऱ्हाईक नंतर आलं. आज सगळ्यात मोठं नाव दराज. हे मूळ पाकिस्तानात सुरू झालं आणि 2018 मध्ये अलीबाबाने विकत घेतलं. ॲमेझॉन किंवा फ्लिपकार्टचं नेपाळसाठी वेगळं दुकान नाही.

पैसे देण्याचा प्रश्न नेपाळने देशापुरता बऱ्यापैकी सोडवलाय, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. ईसेवा हे मोबाइल वॉलेट 2009 पासून आहे, खल्ती 2017 पासून, आणि फोनपेचा क्यूआर आता भाजीवालीकडेही दिसतो. (हे इथलं फोनपे, आपल्याकडचं नव्हे.) मार्च 2024 पासून भारतीय पर्यटक त्याच क्यूआरवर यूपीआयने पैसे देऊ शकतात.

तरीही बहुतेक ऑर्डरी ‘कॅश ऑन डिलिव्हरी’च येतात. का, ते दारात कळतं. गिऱ्हाईक पार्सल हातात घेतं, जमलं तर उघडून बघतं आणि मग मोबाइल काढून क्यूआरवरच पैसे देतं. म्हणजे पैसे डिजिटल द्यायला त्याची हरकत नसते, माल बघण्याआधी द्यायला असते. फोटोत एक आणि खोक्यात भलतंच, असा अनुभव लोकांना पुष्कळ आलाय. त्यांचा संशय मला अगदी रास्त वाटतो.

विक्रेत्याला हा संशय महाग पडतो. गिऱ्हाइकाने नको म्हटलं की जाण्या-येण्याचं दोन्ही वेळचं भाडं आपल्या माथी. माल खपला तरी कुरिअरकडून रक्कम हातात यायला दिवस जातात, तोवर पुढचा माल उधारीवर भरावा लागतो. छोटी दुकानं बंद पडताना मी पाहिली आहेत ती गिऱ्हाईक नव्हतं म्हणून नव्हे, पैसा वाटेत अडकला म्हणून. आणि तुमच्या चपलांचा तर मापाचा प्रश्न आहे. परतीचा खर्च धरल्याशिवाय किंमत ठरवूच नका.

पत्ते हा दुसरा त्रास. घर क्रमांक आणि रस्त्याचं नाव क्वचितच मिळतं. चाबहिल चोकातून आत, अमुक शाळेच्या मागे, इतकंच. डिलिव्हरीवाला फोन करत करत पोचतो. काठमांडूच्या खोऱ्याबाहेर पोखरा, चितवन, बुटवल, विराटनगरपर्यंत बरं चालतं, पण डोंगरी जिल्ह्यांत पार्सल सदरमुकामालाच, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य गावीच, थांबतं आणि गिऱ्हाइकाला तिथवर यावं लागतं. 2021 च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे 2.92 कोटी भरली, पण तुमचं गणित त्या आकड्यावर मांडू नका. काठमांडूचं खोरं आणि चार-सहा शहरं एवढाच बाजार धरा.

छोटे विक्रेते मुख्यतः फेसबुक, इन्स्टाग्राम आणि टिकटॉकवर विकतात. पेज काढायला खर्च नाही, पण ती जागा स्वतःची नसते. टिकटॉकवर नोव्हेंबर 2023 ते ऑगस्ट 2024 बंदी होती. 4 सप्टेंबर 2025 ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपसह 26 माध्यमं बंद करण्याचा आदेश निघाला. पुढे आंदोलन पेटलं, तरुण मुलं जिवानिशी गेली, सरकार पडलं. त्या मुलांपुढे धंद्याचं नुकसान बोलूही नये. पण ज्या बायका घरून कुर्ते, दागिने, लोणची विकत होत्या, त्यांचं दुकान आणि गिऱ्हाइकांची यादी दोन्ही काही दिवस का होईना, एका आदेशाने गेलं, हेही नोंदवायला हवं. म्हणून तुमच्या माणसाला पहिल्या दिवसापासून गिऱ्हाइकांचे फोन नंबर वेगळ्या वहीत उतरवायला सांगा.

2025 मध्ये ई-कॉमर्सचा स्वतंत्र कायदा लागू झाला. ऑनलाइन विक्रेत्याने सरकारी पोर्टलवर नोंद करायची, आपली ओळख आणि मालाची माहिती उघड द्यायची, तक्रार ऐकून घ्यायची. मला हे हवंच होतं. सचोटीने विकणाऱ्याचा यात फायदाच आहे.

आता सीमा. भारतातून सुटी पार्सलं पाठवून धंदा होणार नाही, कारण सीमेवर भन्सार, म्हणजे जकात, लागू होते. माल रक्सौल-वीरगंजसारख्या सीमेवरच्या नाक्यातून रीतसर आयात करावा लागेल, वर 13 टक्के व्हॅट. स्वतःची कंपनी काढायची तर परदेशी गुंतवणुकीची किमान मर्यादा साधारणपणे 2 कोटी नेपाळी रुपये, म्हणजे आपले सव्वा कोटी. तेव्हा आयात परवाना असलेला स्थानिक भागीदार हाच मार्ग. त्याच्याशी परतीचा माल कुणाच्या खात्यावर जाईल हे लिहून घ्या, तोंडी ठेवू नका.

सुरुवात तीन-चार नमुन्यांनी करा, प्रत्येकाची सगळी मापं ठेवा आणि मापाचा तक्ता सेंटिमीटरमध्ये नेपाळीत द्या. मोठी विक्री दसैं आणि तिहारला, म्हणजे इथल्या दिवाळीला, होते. पण सप्टेंबर 2024 च्या अखेरीस, दसैंच्या तोंडावर, पुरामुळे काठमांडूत येणारे रस्ते बंद पडले होते आणि सणाचा माल वाटेतच राहिला. तुमचा माल पावसाळ्याआधीच, जूनपर्यंत, खोऱ्यात पोचलेला असावा.